पेंढा पाठवता येत नाही, म्हणून

वसई
रविवार, १ डिसेंबर २०२४

प्रिय बाय,

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. सकाळच्या मिसाला, देवळातल्या उपासनेला, वेदीवर जांभळं कापड आलेलं दिसलं, चारांतली पहिली मेणबत्ती पेटली, आणि घरी येऊन मी साडी बदलायच्या आधी पप्पांना माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. ती आता माझ्या पायाशी उघडी पडली आहे. वरच तुझ्या हातची ती लाल लुगड्यातली मातीची बाई आहे.

बुधवारी तू फोनवर म्हणालीस, थोडा पेंढा, मूठभर नाचणी आणि ती बाई कुरिअरनं पाठव. मी दुसऱ्याच दिवशी चौकशीला गेले. पेंढा चालणार नाही. बी चालणार नाही. बाई कच्च्या मातीची, म्हणजे तीही धोक्यातच. न्यूझीलंडात बाहेरचं गवत, बी, माती शिरू देत नाहीत, त्यांच्या शेताला आणि रानाला परकी कीड लागू नये म्हणून. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हा नियम मला पटतो. पण हे तुला सांगितल्यावर तू जे म्हणालीस ते मला पटलं नाही. "जाऊ दे मग आई, या वर्षी काहीच करत नाही. इथं उन्हाळा आहे, नाताळ वाटतच नाही."

ते वाक्य चार दिवस डोक्यात आहे. म्हणून लिहायला बसले.

माझं लहानपण तुला ठाऊक आहे. भुसावळला रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. आमचा नाताळचा गोठा, येशूजन्माचा देखावा, शिवणयंत्रावर व्हायचा. सफरचंदांची लाकडी खोकी आडवी ठेवायची, तिला खाकी कागद चुरगळून डकवायचा की झाला डोंगर, आणि वर भरपूर कापूस. कापूस म्हणजे बर्फ. भुसावळच्या उन्हात वाढलेल्या आम्ही पोरांनी बर्फ फक्त भेटकार्डांवर पाहिला होता, पण तो नसला तर नाताळ अपुरा, असं आम्हांला अगदी खरं वाटायचं.

तोच कापूस घेऊन मी १९८९च्या डिसेंबरात या घरात माझा पहिला नाताळ करायला उभी राहिले. तेव्हा आपल्याकडे दोन म्हशी होत्या. गोठा करायचा म्हणजे वेगळं काही उभं करायचंच नव्हतं. आजोबांनी तेवीस तारखेला म्हशी एका बाजूला बांधल्या, दुसरा कोपरा धुऊन शेणानं सारवला, आणि खरीच लाकडी गव्हाण तिथं आणून ठेवली. पेंढा आपल्याच शेतातला, त्याच हंगामातला, अजून पिवळाधमक. त्यात आजींनी मूर्ती मांडल्या. मी मागून हलक्या हातानं कापूस पसरायला लागले. आजी बघत राहिल्या.

"हे काय गं?"

"बर्फ."

"थंडीत बाळाला उघडं ठेवणार होय?"

मी एकेक पुंजका वेचून घेतला. त्यांनी तो वातींच्या डब्यात ठेवून दिला. आपल्या घरात बर्फ पुन्हा कधी पडला नाही. त्या रात्री मिसाहून परतलो तेव्हा दीड वाजला असेल. कंदील घेऊन गोठ्यात गेलो, आजींनी बाळ गव्हाणीत ठेवलं, आणि मागे म्हैस रवंथ करत होती. तिच्या श्वासाची ऊब माझ्या पाठीला लागत होती. सजावट अशी त्यात काहीच नव्हती. पण इतक्या वर्षांत इतके देखावे पाहिले, मनात सगळ्यांत वर तोच आहे.

गेल्या वर्षी ग्रेच्चोच्या गोठ्याला ८०० वर्षं झाली. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या त्या गावी पहिल्यांदा असा देखावा केला, तेव्हा त्यानं गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढंच आणवलं होतं. खरी जनावरं. हे वाचलं तेव्हा आजोबांच्या त्या सारवलेल्या कोपऱ्याची आठवण येऊन मला किती तरी वेळ पुढचं वाचताच आलं नाही. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवल्याचं आहे, जनावरांचं नाव नाही. पण गव्हाण आहे म्हटल्यावर आजींना पुरावा पुरेसा होता.

तुझ्या जन्मानंतर दोन वर्षांनी शेवटची म्हैस विकली. विहिरींचं पाणी टँकरांनी उपसून नेलं, राहिलेलं मचूळ झालं, भातशेती सुटली. गोठ्याच्या जागी पप्पांनी स्कूटरची शेड केली आणि देखावा ओटीवर आला. तेव्हापासून पेंढा मागून आणावा लागतो. मला ते अजून लागतं.

तारा मात्र पहिल्यापासून पप्पांचा. त्या काळी ते रोज चर्चगेटपर्यंत लोकलनं जात, रात्री आठला घरी. जेवण झालं की ओटीवर कळक घेऊन बसायचे. दहा काड्या सारख्या लांबीच्या. पाच काड्यांचा एक तारा, पाचांचा दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची आणि मग आतल्या पाच सांध्यांत वीतभर लांबीचे टेकू खोचायचे, म्हणजे ताऱ्याला पोट येतं आणि आत दिवा मावतो. वर लाल पतंगी कागद. खळ मी करायची, मैदा शिजवून, चिमूटभर मोरचूद घालून, नाहीतर झुरळं कागद खातात. तू पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तुझं काम एकच होतं, टेकू हातात धरून बसणं आणि मागितला की देणं. ते तू इतक्या गंभीरपणे करायचीस की पप्पा मुद्दाम पाचाचे सात टेकू कापून ठेवायचे.

आपल्याकडे डिसेंबरात पहाटे दंव पडतं. चिकूच्या झाडाला टांगलेला तारा रात्रभर भिजायचा आणि पहाटे त्याचा रंग ठिबकायचा. सकाळी अंगणात लाल ठिपक्यांचं वर्तुळ दिसायचं. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, तारा उतरवेपर्यंत तो जवळजवळ गुलाबी झालेला असायचा. पुढे आम्ही प्लास्टिकचा घडीचा तारा आणला. त्याचा रंग जात नाही. मला तो कधीच आवडला नाही, आज लिहून टाकते.

झाड म्हणून आपण सुरूची फांदी आणायचो. भुईगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात, वाऱ्यानं पडलेली असेल तीच, तोडायची नाही. मातीच्या कुंडीत वाळू भरून ती खोचायची. तुला आठवतं, फांदी घरी येईपर्यंत तू एक खेळ खेळायचीस? सुरूची हिरवी काडी एका सांध्यातून हलकेच उपटायची, पुन्हा तिथंच बसवायची आणि "सांग कुठून तोडली?" असं विचारायचं. मला कधी ओळखता यायचं नाही. आपण जिला पान समजतो ती खरं तर बारीक डहाळी असते, पानं म्हणजे त्या सांध्यांवरची इवलीशी दातेरी कडा, हे मी तुला त्या फांदीखाली भिंग देऊन दाखवलं होतं. तुला नर्सिंगला जीवशास्त्र सोपं गेलं, त्याचं थोडं श्रेय मी त्या फांदीला देते.

आता बाईबद्दल. २००३ साल, तू चौथीत. गोठा मांडताना तू मेंढपाळ हातात घेऊन आजींना विचारलंस, "देवदूत यांनाच का पहिल्यांदा सांगायला गेला?" आजी म्हणाल्या, "कारण तेच जागे होते. रात्रीचं काम होतं त्यांचं." तू थोडा वेळ गप्प. मग म्हणालीस, "वसईत आला असता तर तुला सांगितलं असतं." कारण आजींच्या तरुणपणाच्या गोष्टी तू रोज ऐकायचीस. रात्री दोनला उठायचं, भाजीची टोपली बांधायची, अंधारात स्टेशन गाठायचं आणि पहिल्या गाडीनं दादर. आजी एवढंच म्हणाल्या, "सांगितलं असतं, खरंच." आणि उठून आत गेल्या. तू विहिरीजवळची चिकणमाती आणून दोन दिवसांत ती बाई केलीस. डोक्यावर टोपली, नारळाच्या झावळीची वळलेली. आजींनी स्वतःच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा कापून तिला नेसवला आणि काष्टा त्यांनीच घातला, तुला तो येत नव्हता. त्या वर्षापासून ती मेंढपाळांच्या पुढे उभी राहते.

मधल्या काही वर्षांबद्दल थोडक्यात लिहिते. वाडीत गोठ्यांच्या स्पर्धा रंगू लागल्या आणि तुम्ही मुलं थर्माकोल, मोटर, पंपाचा धबधबा, फिरणारी चक्की यांत बुडालात. तुमचा दुसरा नंबर आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, त्या मनापासून होत्या, तुमच्या जागरणांसाठी. पण त्या बेथलेहेमात बाळ शोधायला लागायचं. २०१८मध्ये राज्यानं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली तेव्हा मला बरंच वाटलं.

आजी २००९च्या नोव्हेंबरात गेल्या. त्या वर्षी दुखवटा होता. तारा लावला नाही, झाड आणलं नाही, नेवऱ्या-कलकलांचा फराळ केला नाही. चोवीस तारखेला संध्याकाळी शेजारची म्हातारी आत्या पदराखाली पेंढ्याची जुडी घेऊन आली आणि काही न बोलता ओटीवर ठेवून गेली. तेवढा पेंढा आम्ही पसरला, त्यावर गव्हाण ठेवली, बस.

बाळाची मूर्ती आजी कधीच पेटीत ठेवत नसत, हे तुला माहीत आहे. "जन्मायच्या आधी इतरांबरोबर कसं असेल?" म्हणून ती रुमालात गुंडाळून कपाटात, प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी. त्यांच्या मागे मीही ती तशीच ठेवत आले. २०१८च्या जुलैत तो पाऊस झाला, सगळी वसई पाण्याखाली गेली, आपल्या घरात गुडघाभर पाणी, वीज नाही, आणि पेटी नेमकी पलंगाखाली. पाणी ओसरल्यावर उघडली तर मूर्तींचा रंग सुटलेला, संत जोसेफांचा चेहरा गुळगुळीत, मरियामातेचे जोडलेले हात हातात आले. तीन राजे एकमेकांना चिकटलेले. दिव्यांच्या माळा गंजल्या. पप्पा अंगणात पाठ करून उभे राहिले. मूर्ती आजींच्या सासूबाईंच्या वेळच्या.

त्या डिसेंबरात नव्या आणायला कुणाचंच मन होईना. कपाटातलं बाळ वाचलं होतं. शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवलेली तुझी बाई वाचली होती. तर त्या नाताळला गोठ्यात एवढंच होतं, पेंढा, गव्हाण, बाळ आणि समोर लाल लुगड्यातली बाई, डोक्यावर टोपली. घरी येणारा प्रत्येक जण ओटीवर थबकायचा. कुणी तरी विचारलं, बाकीचे कुठं आहेत? तू म्हणालीस, "येतायत. भाजीवाली पहिल्या गाडीनं आली."

बाय, म्हशीचा श्वास पाठीला लागला त्या रात्रीनंतर मला आवडलेला गोठा तो.

पुढल्या वर्षी पप्पांनी वांद्र्याहून नव्या मूर्ती आणल्या. सुंदर आहेत. हळूहळू आपल्या होतायत. आणि मग २०२०. महापालिकांच्या हद्दीत २२ डिसेंबरपासून रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी. मध्यरात्रीचा मिसा मध्यरात्री होणं शक्यच नव्हतं. तू कोविड वॉर्डात, चोवीसची रात्रपाळी. आम्ही दोघंच. तारा लावला होता, पण रस्त्यानं जाणारं कुणी नव्हतं. बारा वाजता पप्पांनी लूकचा दुसरा अध्याय वाचला, मी रुमाल सोडला, आणि बाळ हातात घेऊन बसूनच राहिले. ठेववेना. पप्पा म्हणाले, "राहू दे. ती आल्यावर." सकाळी साडेआठला तू आलीस, मागच्या दारानं, सरळ न्हाणीघरात, केस धुऊन ओले घेऊन ओटीवर, मास्कचे वळ नाकावर तसेच. बाळ तू ठेवलंस. मग तिथंच पायरीवर टेकून झोपलीस आणि मी तुझ्यावर आजींची गोधडी घातली. गोठ्यातल्या बाईला मी त्या दिवशी किती तरी वेळ बघत होते.

आता तिथलं.

तू म्हणतेस उन्हाळा आहे. मग तुझ्याकडे हिरवळ आपल्यापेक्षा लवकर उगवेल. नाचणी मिळाली नाही तर गहू घे, नाही तर मूग, जे रुजेल ते. बारा तारखेला रात्री भिजत घाल. पसरट ताटलीत ओला कापूस अंथर, त्यावर दाटीनं पेर आणि पहिले दोन दिवस वरून झाकून ठेव. मग खिडकीत आण आणि रोज पाणी शिंपड. चोवीसपर्यंत चार बोटं वर येईल. आपल्या गोठ्यापुढचं शेत असंच व्हायचं. कापसाचं आजींनी वातींसाठी काय केलं ते वर लिहिलंच आहे, पण बियांखाली घातलेला त्यांना चालला असता.

झाडासाठी दुकानात जाऊ नकोस. तू पाठवलेल्या फोटोत, समुद्राच्या कडेला, लाल फुलांनी पेटलेलं मोठं झाड दिसलं. ते पोहुतुकावा. तिथले लोक त्यालाच नाताळचं झाड म्हणतात, कारण ते डिसेंबराच्या सुमाराला फुलतं. मी पुस्तकं काढून पाहिलं, ते आपल्या जांभळाच्या कुळातलं आहे. फूल नीट बघ, लाल दिसतात त्या पाकळ्या नाहीत, पुंकेसर आहेत, जांभळाच्या फुलासारखेच तंतू. खाली त्यांचा सडा पडत असेल. तोडू नकोस, पडलेले वेच आणि गव्हाणीखाली पसर. पेंढ्याऐवजी तेच. तारा ठिबकून आपलं अंगण लाल व्हायचं, तसं तुझं टेबल होईल.

तिथं संध्याकाळी पावणेनऊपर्यंत उजेड असतो म्हणालीस. मग तारा उशिरा लाव. पण लाव. बागकामाच्या दुकानात झाडांना आधार द्यायच्या कळकाच्या काड्या मिळतात, त्यांतल्या दहा घे. तुझ्या फ्लॅटमधल्या त्या दोघींना टेकू धरायला बसव. मूर्ती नसल्या तरी चालतं, हे तुला मी काय सांगायचं.

बाई मी इथं तुझ्या जागी पुढे उभी करते. टोपलीची कड सुटली होती, ती परवा नव्या झावळीनं बांधली. लुगड्याला हात लावला नाही.

चोवीसला तुझी रात्रपाळी आहे, हे लक्षात आहे. तुझे रात्रीचे बारा म्हणजे आमचे दुपारचे साडेचार. तेव्हा फोन करू नकोस, पेशंटकडे बघ. या वर्षी मी बाळ साडेचारलाच ठेवणार आहे, आपली मध्यरात्र होईपर्यंत थांबणार नाही. पप्पांना सांगितलं, ते हो म्हणाले.

त्यांनी आज बऱ्याच वर्षांनी कळक फोडायला घेतला आहे. आत्ता ओटीवरून ओरडून सांगतायत, तिला लिही, टोकं बांधताना दोरा भिजवून घे, नाहीतर काड्या सरकतात.

तुझी,
आई